राष्ट्रसंत तुकडोजी महाराज : खंजिरीच्या तालावरचे लोकशिक्षण

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत आपल्याच समाजातील कर्तबगार स्त्री-पुरुषांची चरित्रे यावीत, असा प्रघात आहे व तो योग्यही आहे. आपल्या माणसांचे गुण आपणच गावयाचे नाहीत, तर मग कोणी गावे? तथापि यंदा चरित्रलेखनाचे काम आमच्याकडे आले, तेव्हा आम्ही हेतुपुरस्सर अशा एका पुरुषाची निवड केली, की ज्याच्यावर कोणत्याही एका ज्ञातीला हक्क सांगता येत नाही. मनीषनगरात आज स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांपैकी पुष्कळांचे मूळ वर्धा, अमरावती, चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांतील खेड्यांत आहे. त्या खेड्यांत आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्यांची खंजिरी ऐकली आणि सायंप्रार्थनेला ज्यांची पदे म्हटली, ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज हेच आमच्या या लेखाचे नायक होत.

महाराजांना संत म्हणून सर्वजण ओळखतात. त्यांच्या प्रतिमेला हार घालण्याची चालही सर्वत्र आहे. परंतु हा संत मूळचा लोकगायक होता आणि त्याच्या गाण्याला राजकारणाची पक्की बैठक होती, ही गोष्ट हाराखाली झाकून जाते. परक्या सत्तेने ज्याला गाण्यापायी तुरुंगात टाकले आणि स्वराज्य आल्यावर ज्याने लोकांना मत कसे द्यावे हे शिकविले, तो केवळ देवदेव करणारा भजनी नव्हे. त्यांच्या जीवनाची ही बाजू तरुण वाचकांपुढे यावी, एवढाच आमचा उद्देश आहे.

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या खेड्यात झाला. त्यांचे मूळ नाव माणिक. वडिलांचे नाव बंडोजी इंगळे आणि आईचे नाव मंजुळाबाई. घरची स्थिती अत्यंत हलाखीची होती. बालपणीचा बराच काळ आजोळी, वरखेड येथे गेला. शाळेचे शिक्षण चांदूर बाजार येथे झाले खरे, पण ते तिसऱ्या इयत्तेच्या पलीकडे गेले नाही. ज्याने पुढे हजारो ओव्यांचा ग्रंथ रचला आणि ज्याचे नाव एका विद्यापीठाला दिले गेले, त्याची शालेय पुंजी एवढीच होती. आमची सारी हयात शाळेत गेली. म्हणून आम्ही अनुभवाने सांगतो की, वर्गात मागे बसणाऱ्या आणि गाण्यात रमणाऱ्या मुलाविषयी घाईने मत बनवू नये.

वरखेड येथे आडकोजी महाराज नावाचे सत्पुरुष राहत असत. माणिकचा ओढा त्यांच्याकडे लहानपणीच जडला व त्यांनाच त्याने गुरू मानले. माणिकचा तुकड्या झाला तो या गुरूंच्या मुखाने, असे सांगतात. भजन म्हणावे आणि मिळेल त्या भाकरतुकड्यावर राहावे, अशी ज्याची वृत्ती, त्याला हे नाव शोभलेही. पुढे ‘तुकड्यादास’ हीच त्यांच्या पदांची नाममुद्रा झाली. लोकांच्या भाकरीवर आपण वाढलो, याची आठवण त्या नावातच राहिली. १९२१ मध्ये आडकोजी महाराज समाधिस्थ झाले. त्यानंतर या कोवळ्या वयाच्या मुलाने घर सोडले आणि रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा येथील डोंगर-दऱ्यांत व अरण्यांत भ्रमण केले. साधना, उपवास, रानातील माणसांचा सहवास आणि अखंड गाणे, यांत त्यांची ती वर्षे गेली. रामदिघी व गोंदोडा ही स्थाने चिमूरच्या परिसरातील आहेत. त्या मुलुखाशी जडलेल्या या नात्याचे महत्त्व पुढे १९४२ मध्ये दिसून आले.

आता त्यांच्या गायनाविषयी थोडे सांगितले पाहिजे. महाराजांचे वाद्य म्हणजे खंजिरी. लाकडी कड्यावर चामडे ताणून बसविलेले आणि कडेला झांजा लावलेले हे वाद्य एका हातात मावते. त्याला मेळ लागत नाही, साथीदार लागत नाहीत, की पैसाही फारसा लागत नाही. गरिबाच्या झोपडीसमोर उभे राहून ते वाजविता येते आणि हजारोंच्या सभेतही त्याचा आवाज उठतो. महाराजांचा आवाज खडा, शब्द सोपे आणि चाली अशा की, एकदा ऐकल्या म्हणजे शेतात निंदणाऱ्या बाईच्याही ओठांवर याव्यात. मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत त्यांनी रचना केली. विदर्भ हा त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाडाचा भाग होता, आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. येथे दोन्ही भाषा बाजारात व रेल्वेत रोज कानावर पडत. त्यामुळे त्यांच्या हिंदी पदांना खेड्यांतही अडसर आला नाही. गायकाने एक चरण म्हणावा आणि श्रोत्यांनी तो उचलावा, ही भजनाची जुनीच रीत आहे. परंतु या रीतीत श्रोता नुसता ऐकणारा राहत नाही. जो चरण त्याने स्वतःच्या तोंडाने दहा वेळा म्हटला, तो त्याच्या मनाचा होऊन जातो. व्याख्यान लोक ऐकतात व विसरतात, परंतु पद ते घरी घेऊन जातात. महाराजांच्या प्रभावाचे मर्म आमच्या मते येथे आहे.

१९३५ मध्ये सालबर्डी येथे झालेल्या मोठ्या यज्ञप्रसंगी त्यांच्याभोवती अफाट जनसमुदाय लोटला आणि त्यांचे नाव विदर्भाबाहेरही गेले. त्याच सुमारास अमरावती-नागपूर मार्गावरील मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. पुढील वर्षी, १९३६ च्या जुलै महिन्यात, महात्मा गांधींनी त्यांना आपल्याकडे बोलाविले. गांधीजी तेव्हा वर्ध्याजवळच्या शेगावी नुकतेच राहावयास आले होते. याच गावाला पुढे सेवाग्राम असे नाव मिळाले. महाराज तेथे सुमारे एक महिना राहिले. एका मौनाच्या दिवशी महाराजांचे पद ऐकून गांधीजींनी आपले मौन बाजूस ठेवले आणि तेच पद पुन्हा गाण्याची विनंती केली, अशी आठवण त्या काळापासून सांगितली जाते. त्या महिनाभरात राष्ट्रीय सभेचे मोठमोठे पुढारी त्यांच्या दृष्टीस पडले. स्वराज्य, चरखा, ग्रामसफाई, अस्पृश्यतानिवारण हे विषय त्यांच्या भजनांत अधिकाधिक येऊ लागले. देवाचे नाव राहिलेच, पण देव देवळाबरोबर गावातही शोधला पाहिजे, अशी दिशा त्यांच्या पदांना मिळाली.

या ठिकाणी वाचकांनी त्या काळाची परिस्थिती ध्यानी घ्यावी. खेड्यापाड्यांत वर्तमानपत्र पोहोचत नव्हते आणि पोहोचले तरी वाचणारा एखादाच असे. सभेला परवानगी लागे व पोलीस हजर राहत. भजनाला मात्र कोणाची परवानगी नको होती. गावोगावच्या भजनी मंडळांतून देशाची स्थिती, परवशतेची लाज आणि एकजुटीचे सामर्थ्य यांची शिकवण जनतेच्या कानी पडत गेली. त्या शिकवणीचा परिणाम १९४२ मध्ये दृष्टीस पडला.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय सभेने इंग्रजांना चालते होण्यास सांगितले आणि गांधीजींसह सर्व पुढारी पकडले गेले. नागपंचमीच्या दिवशी, १६ ऑगस्ट १९४२ रोजी, वर्धा जिल्ह्यातील आष्टी व तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे जनता रस्त्यावर आली. या दोन्ही भागांत महाराजांच्या भजनांचा प्रभाव फार मोठा होता. झाडेझुडपे आणि दगडधोंडेही लढ्यात उतरतील, अशा आशयाचे त्यांचे एक पद त्या दिवसांत चिमूरकडे लोकांच्या तोंडी होते. दोन्ही गावांत गोळीबार झाला. चिमूर येथे बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा हुतात्मा झाला. संतापलेल्या जमावाच्या हातून दोन्हीकडे सरकारी अधिकारीही मारले गेले. त्यानंतर चिमुरात लष्कर आले आणि तेथील स्त्रियांवर जे अत्याचार झाले, त्यांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले. आष्टी-चिमूरच्या खटल्यांत अनेकांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. त्यांचे प्राण वाचावेत म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी अथक परिश्रम केले. हा इतिहास आपल्या घरापासून मोटारीने अवघ्या दोन-तीन तासांच्या अंतरावर घडला. आपल्या मुलांना पानिपत तोंडपाठ असते, पण आष्टी-चिमूर ठाऊक नसते, ही खेदाची गोष्ट होय.

सरकारने या उठावामागील हात शोधले, तेव्हा त्यांना बंदुका सापडल्या नाहीत, खंजिरी सापडली. २८ ऑगस्ट १९४२ रोजी महाराजांना चंद्रपूर येथे अटक झाली. प्रथम नागपूरच्या व नंतर रायपूरच्या तुरुंगात त्यांना ठेवण्यात आले. २ डिसेंबर रोजी त्यांची सुटका झाली. सुमारे शंभर दिवसांचा हा कारावास होता. त्या वेळी महाराजांचे वय तेहतीस वर्षांचे होते. गाणाऱ्याला सत्ता का भिते, याचे उत्तर या अटकेत आहे. पुढाऱ्याला पकडले म्हणजे सभा थांबते, पण लोकांच्या ओठी बसलेले पद तुरुंगात घालता येत नाही.

सुटकेनंतर महाराजांनी काय केले, हे आम्हांला तुरुंगवासाहूनही महत्त्वाचे वाटते. क्षोभाने पेटलेली माणसे एका दिवसात ठाणे ताब्यात घेऊ शकतात, परंतु दुसऱ्या दिवशी गाव चालविण्यासाठी शिस्त लागते, संघटना लागते आणि परस्परांवरील विश्वास लागतो. १९४३ मध्ये त्यांनी अखिल भारतीय श्रीगुरुदेव सेवा मंडळाची स्थापना केली. गावोगाव त्याच्या शाखा निघाल्या. पहाटे ध्यान, दिवसा ग्रामसफाई व श्रमदान, सायंकाळी सामुदायिक प्रार्थना असा क्रम सुरू झाला. या प्रार्थनेची मांडणी आजही पाहण्यासारखी आहे. सर्वांनी ओळीने, एकाच पातळीवर बसावयाचे. एखाद्या विशिष्ट पंथाच्या देवतेचा आग्रह नाही, उच्चासन नाही, मानापानाचा विडा नाही. पाटील कोण आणि सालदार कोण, हे त्या ओळीत ओळखू येऊ नये, हाच हेतू होता.

वाचकहो, ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटेल. पण ज्या काळी गावच्या विहिरीवर काही माणसांना पाणी भरता येत नव्हते व देवळाची पायरी ओलांडता येत नव्हती, त्या काळी एका ओळीत बसविणे हे फार मोठे बंड होते. महाराजांच्याच जिल्ह्यातील संत गाडगेबाबा हातात खराटा घेऊन हेच बंड कीर्तनातून सांगत होते. एकाने खराटा घेतला, दुसऱ्याने खंजिरी, पण गावची घाण आणि मनातील भेद एकदमच काढावयाचे, हा दोघांचाही संकल्प होता. अस्पृश्यता हे पाप आहे, हे महाराजांनी देवाच्या नावाने सांगितले. म्हणून धर्माचा आधार घेऊन भेद पाळणाऱ्यांची पंचाईत झाली. व्यसने, लग्नांतील उधळपट्टी, हुंडा, अंगात येण्याचे सोंग, यांवरही त्यांनी पदे रचली. त्यातील विनोद असा की, ज्याच्यावर टीका असे, तोही हसत हसत टाळ्या वाजवी आणि घरी गेल्यावर विचारात पडे.

१९४७ मध्ये स्वराज्य आले आणि पुष्कळ गायकांचा विषय संपला. महाराजांचा विषय मात्र तेथे सुरू झाला. १९५५ मध्ये त्यांची ग्रामगीता प्रसिद्ध झाली. ४१ अध्याय आणि ४,६७५ ओव्यांचा हा ग्रंथ त्यांनी ग्रामदेवतेला, म्हणजे गावालाच, अर्पण केला. ग्रामरक्षण, ग्रामशुद्धी, ग्रामनिर्माण, ग्रामआरोग्य, जीवनशिक्षण, महिलोन्नती, दलितसेवा, असे त्याचे विषय आहेत. शौचकूप कसा असावा येथपासून गावचा पुढारी कसा असावा येथपर्यंत सर्व काही त्यात आहे. ओवी हा आपल्या घरातील जात्यावरचा छंद. त्या छंदात त्यांनी नागरिकशास्त्र सांगितले. भजनाचा लोकांवर कसा परिणाम होतो, याचेही विवेचन त्यांनी एका स्वतंत्र अध्यायात केले आहे. आपल्या साधनाची शक्ती आणि तिचा दुरुपयोग, दोन्ही त्यांना पुरते माहीत होते.

या ग्रंथातील एका विचाराकडे आम्ही ज्ञातिबांधवांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. स्वतंत्र भारतातील पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत रचलेल्या या ग्रंथात महाराजांनी मताचा प्रश्न घेतला आहे. मत हे दोन्हीकडून कापणारे शस्त्र आहे, ते नीट न वापरले तर आपल्यावरच उलटते, असे त्यांनी बजावले. नातेगोते, जातपात, भीड, मेजवानी किंवा पैसा पाहून मत देणारा स्वतःच्या गावाचे नुकसान करतो, ही त्यांची शिकवण. महाराज स्वतः कधी निवडणुकीच्या रिंगणात उतरले नाहीत. भिन्नभिन्न पक्षांची व मतांची माणसे त्यांच्याकडे येत. त्यांच्याशी ते प्रेमाने वागत, पण जनतेला मात्र माणूस पारखून घेण्यास सांगत.

आपण ज्ञातिसंस्थेचे सभासद आहोत. निवडणूक जवळ आली म्हणजे ज्ञातिसंमेलनांच्या व्यासपीठांवर नवे चेहरे दिसू लागतात, समाजाच्या एकगठ्ठा मतांची गोष्ट निघते आणि आपलाच माणूस या दोन शब्दांपुढे विचार थांबतो. हा अनुभव सर्व समाजांचा आहे. अशा वेळी महाराजांची शिकवण आपल्याला अवघड जाते, हे आम्ही जाणतो. मग ज्ञातिसंस्था असूच नये काय? आमचे मत तसे नाही. गरजू विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती, उपवर मुला-मुलींच्या ओळखी, वृद्धांचा सांभाळ, संकटात मदतीचा हात, ही कामे आपसांतील जिव्हाळ्याशिवाय होत नाहीत. कुटुंबात जसा माणूस घडतो व मग गावाच्या उपयोगी पडतो, तद्वत ज्ञातिसंस्थेतही सेवेचे शिक्षण मिळावे आणि ते पुढे सर्वांच्या कामी यावे. परंतु जी संस्था आपल्या सभासदांना केवळ आपल्यापुरते पाहण्यास शिकवील, ती महाराजांच्या प्रतिमेला हार घालण्याचा अधिकार गमावून बसेल, हे आम्ही नम्रपणे पण स्पष्टपणे नमूद करतो.

उत्तरायुष्यात महाराजांची कीर्ती दूरवर गेली. विनोबाजींच्या भूदान चळवळीसाठी त्यांनी खंजिरी वाजविली. १९५५ मध्ये जपान येथे भरलेल्या विश्वधर्म व विश्वशांती परिषदेत ते उपस्थित राहिले. वऱ्हाडातील एका खेड्याची खंजिरी परदेशच्या विद्वानांपुढे वाजली, याचा आपल्या वडीलधाऱ्यांना केवढा अभिमान वाटत असे! १९५६ मध्ये स्थापन झालेल्या भारत साधु समाजाचे ते पहिले अध्यक्ष झाले. साधूंनीही देशाच्या कामाला लागावे, नुसते बसून खाऊ नये, हा त्यांचा आग्रह होता. १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या व १९६५ च्या पाकिस्तानी युद्धाच्या वेळी त्यांनी सरहद्दीवर जाऊन जवानांपुढे भजने गायिली. देशाचे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरविले. तीच पदवी आज त्यांच्या नावाआधी लावली जाते.

पुढे कर्करोगाने त्यांना गाठले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, गुरुकुंज आश्रमात त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांची समाधी तेथेच आहे. दरवर्षी आश्विन वद्यात पुण्यतिथीचा महोत्सव भरतो. त्या दिवशी सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी, महाराजांच्या निर्वाणाच्या वेळी, तेथे जमलेला विशाल समुदाय स्तब्ध उभा राहून मौन श्रद्धांजली वाहतो. मोझरीचा रस्ताही त्या क्षणी थांबतो. ज्यांनी हे एकदा अनुभवले नसेल, त्यांनी कुटुंबासह अवश्य अनुभवावे. तसेच ३० एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस ग्रामजयंती म्हणून साजरा होतो. आपला वाढदिवस गावाच्या नावे करून देणारा पुरुष विरळाच.

२००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव देण्यात आले. आपल्या मनीषनगरातील कितीतरी मुला-मुलींच्या पदवीपत्रावर आज ते नाव आहे. ते चौकटीत बसवून भिंतीवर टांगताना, तिसरीत शाळा सुटलेल्या त्या मुलाने लोकांना काय शिकविले, एवढे तरी त्यांना ठाऊक असावे, अशी आमची शिक्षक या नात्याने अपेक्षा आहे.

एक सूचना करून आम्ही हा लेख आवरता घेतो. आपल्या संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात सत्कार, हारतुरे व भाषणे यांत बराच वेळ जातो. त्यातील अर्धा तास सामुदायिक प्रार्थनेसाठी काढावा. तीस शेजारच्या सर्व घरांना, ती कोणत्याही समाजाची असोत, आमंत्रण द्यावे आणि अध्यक्षांपासून मांडव घालणाऱ्या कामगारापर्यंत सर्वांनी एकाच सतरंजीवर बसावे. प्रार्थनेनंतर ग्रामगीतेचा एखादा अध्याय तरुणांनी वाचून दाखवावा. मताविषयीच्या ओव्यांपासून प्रारंभ केल्यास अधिक बरे. खंजिरी वाजविणारी जुनी माणसे अजून आपल्या गावांकडे आहेत. त्यांना बोलावून आणावे, त्यांचा सन्मान करावा आणि मुलांच्या हाती ते वाद्य द्यावे.